हरि मुखे म्हणा, पण कसे म्हणा?

हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात ज्ञानदेव मोजणाऱ्यांना हसून बाजूला करतात. 'हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी.' आणि हाच हरिपाठ रोज म्हणणाऱ्याच्या गळ्यात १०८ मण्यांची तुळशीची माळ असते. मोजायचं नाही असं म्हणायचं आणि मोजण्याचं साधन अंगावर वागवायचं, या विसंगतीचं आपल्याला काहीच वाटत नाही. तिच्या आत शिरलं की पुढचं बरंच उलगडत जातं.

'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे वाक्य मला कधी पटलं नाही. ते बोलायला गोड आहे आणि तपासायला अशक्य. शेवटी काय दिसतं हे ज्याचं त्याला माहीत. पण शेवटापर्यंत जाण्यासाठी बसायचं कसं, जीभ कुठे ठेवायची, श्वासाचं काय करायचं, कुठे फसगत होते, याच्या सूचना निरनिराळ्या परंपरांच्या साधकांनी लिहून ठेवल्या आहेत. त्या शेजारी ठेवून वाचता येतात. देवाबद्दलच्या सिद्धांतांपेक्षा या सूचनांतून मला गूढवाद जास्त कळतो, आणि त्यातही चुकांच्या नोंदींतून सगळ्यात जास्त.

माळेपासून सुरुवात करू. आपली जपमाळ १०८ मण्यांची, वर मेरुमणी. अंगठा आणि मधलं बोट वापरायचं, तर्जनी लावायची नाही, मेरू ओलांडायचा नाही. तिथे पोचलं की माळ उलटी फिरवायची. हिशेब करताना पुष्कळ जण माळेमागे १०० जपच धरतात, वरचे आठ चुकांपोटी सोडून देतात. मुसलमानांची तस्बीह ९९ किंवा ३३ मण्यांची. नमाजनंतर सुभानअल्लाह ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह ३३ वेळा आणि अल्लाहु अकबर ३४ वेळा, असे १००. ग्रीसमधल्या अ‍ॅथोस पर्वतावरचे ख्रिस्ती साधू काळ्या लोकरीची गाठींची दोरी वापरतात, बहुधा १०० गाठींची. त्यातली एकेक गाठ नऊ क्रूस एकमेकांत गुंफून बांधलेली असते, म्हणून ती सहजासहजी सुटत नाही.

मोजणीचा उपयोग पहिल्या टप्प्यात खरोखरच असतो. मन भरकटलं तरी बोट पुढे सरकत राहतं, आणि बोट थांबलं की मन गेल्याचं कळतं. बिघाड होतो तो पुढे. संख्या वाढवायची म्हणून वेग वाढतो, वेग वाढला की अक्षरं गिळली जातात, आणि शेवटी जिभेवर नाम उरत नाही, नुसता आवाज उरतो. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र सावकाश म्हणायला दोन सेकंद लागतात, म्हणजे एक माळ साडेतीन मिनिटांच्या थोडी वर. कुणी दोन मिनिटांत माळ संपवत असेल तर मधला एखादा 'जय' नक्की पडतोय. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला १२ वर्षांत याच मंत्राचा १३ कोटी जप केला असं परंपरा सांगते. भागाकार केला तर रोजचे जवळपास ३०,००० येतात, आणि दोन सेकंदांच्या हिशेबाने साडेसोळा तास. आकडा खोटा ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे असं कुणी म्हणेल. मला त्यातून वेगळंच दिसतं. नदीत उभं असताना, भिक्षा मागताना, वाट चालताना जप सुटला नाही, तरच हा आकडा बसतो. दासबोधातही 'अखंड नाम जपत जावें' असंच आहे. आसनावर बसून ठरावीक संख्या पुरी करा असं तिथे म्हटलेलं नाही.

रशियातल्या एका अनामिक यात्रेकरूच्या कथनात हीच चढण आकड्यांत दिली आहे. त्याचा गुरू त्याला आधी दिवसाला ३,००० वेळा प्रार्थना म्हणायला सांगतो, मग ६,०००, मग १२,०००, आणि त्यानंतर मोजणीच बंद. प्रार्थना अशी: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' पहिला अर्धा भाग श्वास घेताना, दुसरा सोडताना. कथन १८८४ मध्ये कझानला छापलं गेलं, पण ही पद्धत त्याच्याहून किमान सहाशे वर्षं जुनी आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकातल्या बायझंटाइन साधूंनी ती तपशीलवार लिहून ठेवली. दार लावून घ्या. वीतभर उंचीच्या बैठकीवर बसा. हनुवटी छातीला टेकवा, नजर पोटाच्या मध्यावर ठेवा, श्वास संथ करत थोडा अडवा, आणि मन श्वासाबरोबर नाकातून खाली हृदयात उतरवा. सिनाईचे ग्रेगरी (मृत्यू १३४६) स्पष्ट सांगतात की मान, खांदे, छाती दुखतील. बार्लाम नावाच्या विद्वानाने या साधूंची 'बेंबीत आत्मा शोधणारे' म्हणून टिंगल केली, आणि त्यातून एवढा मोठा वाद पेटला की १३४१ आणि १३५१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला धर्मसभा भरवाव्या लागल्या. साधूंची बाजू ग्रेगरी पालामास यांनी लढवली. त्यांचं म्हणणं असं की देवाचं मूळ तत्त्व कुणालाही, कधीही, स्वर्गातसुद्धा कळणार नाही. पण त्याची शक्ती, त्याचा प्रकाश, हा देवच आहे आणि तो माणसाला भेटतो. निर्गुण-सगुणाची आठवण इथे लगेच होते. मला मात्र ती जोडी जुळवायची घाई नको वाटते. आपल्या अद्वैत्याचं सगुण शेवटी मावळतं. पालामास यांचा प्रकाश मावळत नाही, तो अनादी आहे.

हनुवटी, श्वास, हृदय हे वाचून आपल्याकडच्या माणसाला हठयोग आठवतो, पण त्यासाठी ग्रीसला जायची गरज नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सूफींच्या दोन परंपरा एकाच गावात दोन उलट पद्धतींनी अल्लाचं नाव घेत होत्या.

पाणचक्कीचा दर्गा बाबा शाह मुसाफिर यांचा. ते मध्य आशियातून आलेल्या नक्शबंदी परंपरेतले, आणि नक्शबंदींचा जिक्र, म्हणजे नामस्मरण, मुका. ओठ मिटलेले, दात दातांवर, जीभ टाळूला चिकटलेली. श्वास बेंबीखाली रोखायचा. मग 'ला इलाह इल्लल्लाह' (अल्लाशिवाय देव नाही) यातला 'ला' बेंबीपासून डोक्याच्या टाळूपर्यंत वर न्यायचा, 'इलाह' उजव्या खांद्यावर आणायचा, आणि 'इल्लल्लाह' तिथून छातीतून तिरपा नेत डावीकडे हृदयावर आपटायचा. आवाज नाही, मान हलवायची नाही, शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागता कामा नये. एका श्वासात हे विषम संख्येत करायचं: तीन, पाच, सात, असं वाढवत २१ पर्यंत. एकवीसपर्यंत पोचूनही आत काहीच हललं नाही, तर कुठेतरी चुकलंय असं समजून पुन्हा पहिल्यापासून. मोजणीचा इतका कडक आणि इतका प्रामाणिक उपयोग मला दुसरीकडे आढळला नाही. इथे संख्या पुण्यासाठी नाही, दोष शोधण्यासाठी आहे.

त्याच शहरात निजामुद्दीन औरंगाबादी हे चिश्ती. दिल्लीच्या शाह कलीमुल्लाह यांनी त्यांना दख्खनला पाठवलं होतं, आणि जिक्रावर त्यांनी ग्रंथही लिहिला. चिश्तींचा जिक्र मोठ्याने. मांडी घालून बसायचं आणि डाव्या गुडघ्यामागची कीमास म्हणून सांगितलेली शीर उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरायची. मग 'ला इलाह' म्हणत डोकं डाव्या गुडघ्यापासून उजव्या खांद्याकडे फिरवायचं आणि 'इल्लल्लाह'चा ठोका हृदयावर द्यायचा. दिवसभराची सोपी साधना म्हणजे पास-ए-अनफास, श्वासाची राखण: श्वास सोडताना 'ला इलाह', घेताना 'इल्लल्लाह'. चिश्तींच्या जिक्रग्रंथांत जोग्यांकडून आलेली आसनं आणि श्वासबंध उघडपणे नोंदलेले आहेत. कुणाकडून घेतलं हे लपवण्याची गरज त्यांना वाटली नाही. आज पाणचक्कीवर लोक पाण्यावर फिरणारं जातं आणि कारंजं बघून परततात. दर्ग्यापाशी थांबणारे थोडे.

नाथांचं सोहम् याच जागेवर उभं आहे. श्वास आत जाताना 'सो', बाहेर येताना 'हम्', दिवसरात्रीचे २१,६०० श्वास. मिनिटाला १५ धरले तर हिशेब तंतोतंत येतो, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचा श्वास साधारण तेवढाच असतो. याला अजपा म्हणतात कारण जप करणारा कुणी लागत नाही, नुसतं लक्ष लागतं. पण लक्ष लागलं की श्वास बदलतो, हीच इथली अडचण. नवशिका श्वासाला मंत्राच्या तालावर ओढायला लागतो, श्वास खोल आणि जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे ठिपके चमकतात. त्याला वाटतं, आलं काहीतरी. जलद, मोठ्या आवाजातल्या जिक्रातही हेच होतं. उपाय साधा आहे: थांबायचं, श्वासाला त्याच्या चालीने जाऊ द्यायचं, आणि मुंग्या गेल्यावर मंत्र श्वासाच्या मागून चालवायचा. एकोणिसाव्या शतकात थिओफन या रशियन साधूने प्रार्थनेच्या जुन्या ग्रंथसंग्रहाचं भाषांतर करताना श्वासाच्या तंत्राचे काही भाग गाळूनच टाकले. गुरू जवळ नसताना पुस्तक वाचून कुणी ते करू नये, एवढाच हेतू.

देहाचे हे खेळ ओळखण्यात चौदाव्या शतकातला एक अनामिक इंग्रज लेखक सगळ्यांत तिखट आहे. त्याची पद्धत तशी सोपी. एका उच्चारात संपणारा एखादा छोटा शब्द घ्या, 'गॉड' किंवा 'लव्ह', तो मनाशी घट्ट बांधा आणि देव व आपण यांच्यामध्ये जो न कळण्याचा ढग आहे त्यावर त्याने ठोठावत राहा. बाकी सगळं, देवाबद्दलचे चांगले विचारसुद्धा, विसरण्याच्या ढगाखाली दाबा. पुढे तो साधकांची फजिती सांगतो. 'आत वळा' म्हटलं की काही जण खरोखरच छातीवर ताण देतात, तिथे गरमी निर्माण होते, आणि तिलाच पवित्र आत्म्याचा अग्नी समजतात. 'वर पाहा' म्हटलं की छताकडे टक लावतात. कुणाची मान कानात किडा शिरल्यासारखी एका बाजूला कलते, कुणी बोलायच्या जागी किरकिरतो. सहाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्या आजच्या एखाद्या साधना शिबिरात मागच्या ओळीत बसून गेला असावा, अशी शंका येते.

यहुद्यांमध्ये अब्राहम अबुलाफिया (जन्म १२४०, सारागोसा) याने देवाच्या नावातली अक्षरं निरनिराळ्या स्वरांशी जोडत म्हणण्याचं तंत्र रचलं. हिब्रूत स्वराचा ठिपका अक्षराच्या ज्या बाजूला, डोकं त्या दिशेला: 'ओ'चा ठिपका वर, म्हणून मान वर, 'इ'चा खाली, म्हणून मान खाली. ही वाट मोजक्यांची. सर्वांची ती 'शेमा' ही प्रार्थना, उजव्या हाताने डोळे झाकून म्हणायची. तिच्या पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द 'एहाद', म्हणजे एक, लांबवून म्हणावा असं तालमूद हा त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांनी शतकानुशतकं बाकी बरंच विसरूनही ही शेमा जपली होती असं त्यांची परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मराठीत कीर्तनंही केली.

आता उजेडाकडे. डोळे मिटून दीर्घकाळ बसलं की प्रकाश दिसतात, आवाज ऐकू येतात, हे सगळीकडे नोंदलं आहे. मतभेद आहे तो त्यांचं करायचं काय यावर, आणि गंमत म्हणजे मतभेदाची रेषा धर्माधर्मांमधून जात नाही, प्रत्येक धर्माच्या आतून जाते. ख्वारिझमचे सूफी नजमुद्दीन कुब्रा (मृत्यू १२२१) यांनी साधनेत दिसणाऱ्या रंगांची जंत्रीच दिली. हिरवा म्हणजे हृदय जिवंत झाल्याची खूण. हठयोगप्रदीपिका आवाज क्रमाने सांगते: आधी समुद्र, मेघ आणि भेरी, मग शंख आणि घंटा, शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भुंगा. आपल्याकडे निंबाळचे गुरुदेव रानडे (१८८६–१९५७) यांनीही प्रकाश, नाद आणि रूप या अनुभवांना साधनेच्या प्रगतीचा पुरावा मानलं. उलट बाजूला ख्रिस्ती साधू इव्हाग्रियस (३४५–३९९) बजावतो की प्रार्थनेच्या वेळी देवाला कसलाही आकार देऊ नका. सिनाईचे ग्रेगरी म्हणतात, आत किंवा बाहेर काही दिसलं, मग ते ख्रिस्ताचं रूप असो, देवदूत असो की नुसता उजेड, स्वीकारू नका. स्पेनचा योहान, क्रूसाचा योहान (१५४२–१५९१), याचं कारण सगळ्यांत पक्कं आहे. दर्शन खरोखर देवाकडून आलं असेल तर ते आलं त्याच क्षणी त्याचं काम झालेलं असतं. धरून ठेवून काही वाढत नाही. खोटं असेल तर धरल्याने नुकसान. दोन्ही बाजूंनी सोडून देणंच फायद्याचं. माझा कौल योहानाला. रंगांची जंत्री हातात आली की साधक ते रंग दिसण्याची वाट बघत बसतो, आणि वाट बघणाऱ्याला ते दिसतातच.

साधनेतल्या शुष्कपणाचं मात्र कुणी जंत्री करून भागत नाही. इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियसने दुपारच्या वैतागाचं वर्णन केलंय ते कुणीही ओळखेल: सूर्य हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू पुन्हापुन्हा खिडकीतून डोकावतो की कुणी भेटायला येतंय का. त्याचा उपाय: खोली सोडायची नाही. योहान याहून बारीक फरक करतो. हा साधा कंटाळा की खरी 'काळोखी रात्र', हे ओळखायला तो तीन खुणा देतो. देवाच्या गोष्टींत गोडी नाही आणि जगातल्याही कशातच नाही. आपण देवापासून मागे पडतोय ही चिंता जात नाही. आणि कल्पनेने ध्यान करायचा प्रयत्न केला तरी होत नाही. तिन्ही एकत्र हव्यात. पहिली एकटीच असेल तर ती तब्येतीची उदासी असू शकते, हे तो सोळाव्या शतकात लिहून ठेवतो. आणि दुसऱ्या खुणेशिवाय आळसालाही काळोखी रात्र म्हणता येईल, म्हणून ती आवश्यक. तिन्ही असतील तर ध्यान ओढूताणून करू नये, काही न करता शांत लक्ष देत बसावं. इथे खोली न सोडण्याचा जुना उपाय आणि हा नवा उपाय अगदी वेगळे पडतात, आणि चुकीच्या दुखण्याला चुकीचं औषध दिलं तर साधक वर्षानुवर्षं स्वतःला कोसत राहतो.

प्रयत्न कुणाचा, हा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. जपानमध्ये होनेन (११३३–१२१२) दिवसाला ६०,००० वेळा अमिताभ बुद्धाचं नाव घेत. सोळा जागते तास धरले तरी सेकंदाला एक. त्यांचे शिष्य शिनरान म्हणाले, नाव घेणारा मी नव्हेच. हाक अमिताभाची, माझ्या तोंडून निघते ती फक्त कृतज्ञता. मग मोजायचं कुणाच्या खात्यावर? अमिताभ हा जगाचा कर्ता ईश्वर नाही, त्यामुळे ही भक्ती आणि आपली भक्ती यांची गल्लत करू नये. पण 'पुण्याची गणना कोण करी' हा प्रश्न शिनरानना विचारण्याची गरज पडली नसती.

आणि पोचल्यावर? इथे मात्र वाटा फाकतात. सूफी हल्लाजला ९२२ मध्ये बगदादेत मारलं. 'अनल हक', मीच सत्य, हे त्याचे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. इब्न अरबीच्या (११६५–१२४०) मागून जाणाऱ्यांनी अस्तित्व एकच आहे असं मांडलं. सरहिंदचे शेख अहमद (१५६४–१६२४), स्वतः नक्शबंदी, म्हणाले की एक आहे ते दिसणं, असणं नव्हे. सूर्य उगवल्यावर तारे दिसत नाहीत, म्हणून ते नसतात असं नाही. जर्मन ख्रिस्ती धर्मोपदेशक एकहार्टच्या २८ विधानांवर पोपने १३२९ मध्ये आक्षेपाचा शिक्का मारला, तोवर तो वारलाही होता. मुसलमान आणि ख्रिस्ती, दोन्हीकडे या एका रेषेवर पंथ पडले, ग्रंथ लिहिले गेले, माणसं मेली.

तुकोबांकडे ही रेषाच सापडत नाही. 'नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितीभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं' असं ते मागतात, आणि 'अणुरणीया थोकडा । तुका आकाशाएवढा' असंही म्हणतात, ज्यात 'सांडिली त्रिपुटी' आहे, म्हणजे भक्त, देव आणि भक्ती हे तीनही टाकून दिलेले. रानड्यांनी १९३३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तुकोबांची वाटचाल मांडताना योहानाची 'काळोखी रात्र' उसनी घेतली: आधी तळमळ, मग उजेड, मग ऐक्य. मांडणी देखणी आहे आणि तळमळीच्या अभंगांना ती खरोखर लागू पडते. मात्र गाथेतले अभंग रचल्याच्या क्रमाने नाहीत. 'मी भक्त तूं देव' आधी आणि 'आकाशाएवढा' नंतर, हे रानड्यांनी ठरवलं. तुकोबांनी दोन्ही एकाच आठवड्यात म्हटले असतील तर त्याला गाथेत कुठेही हरकत नाही.